शेऱ्याचा रकाना

एप्रिलचा दुसरा शनिवार. बर्डीच्या मागे एका शाळेचं वाचनालय.
कपाटांना कुलपं, बालवाडीतून उसन्या आणलेल्या खुर्च्या,
आणि खिडकीत लोखंडी कूलर,
वाळ्याची ताटी परवाच बदललेली.

मला दिलंय एक स्टॉपवॉच,
नऊ ठोकळे (दोन बाजू लाल, दोन पांढऱ्या,
दोन तिरप्या कापलेल्या)
आणि एक पुस्तिका.
तिच्यातली वाक्यं जशीच्या तशी वाचायची,
एक कानाही न बदलता.
हसायचं नाही. छान म्हणायचं नाही.
"बरं, पुढे जाऊ," एवढंच म्हणायचं
सहा वर्षांच्या माणसाला.

श्रीनय बसायच्या आधीच सांगतो,
"लाल, लाल, मग तिरपा, मग लाल."
मी अजून चित्र उघडलेलंही नाही.
धरमपेठेत एका क्लासात हेच ठोकळे मिळतात म्हणे,
आठवड्यातून तीनदा, फी चार हप्त्यांत.
वेळ: नऊ सेकंद.
त्याची चूक नाही. नखं पार मुळापर्यंत खाल्लेली.
उठताना विचारतो, "आता झालं? आता खेळू?"
बरं, मी म्हणते. पुढे जाऊ.

मग यामिनी सोनकुसरे, पाचपावली.
बाप पॉवरलूमवर. सोबत शाळेच्या बाई.
प्रत्येक शाळेनं दोन हुशार मुलं पाठवावीत
असा कागद आला होता त्यांना.
"सदतीसांतून दोन कशी काढू हो?
जी फार विचारतात ती आणली.
तेवढीच एक दिवस वर्गात शांतता."

यामिनी ठोकळा उलटा करून बघते,
मग सुलटा, मग वास घेते.
तीन बरोबर लागतात. चौथा हातात,
आणि ती खिडकीकडे बघत राहते.
अकरा. बारा. तेरा.
घड्याळाला काय, ते चालतं.

"मॅडम, कूलरचं पानी सरलं."

मी पुस्तिकेत बघते.
यावर काय म्हणायचं ते छापलेलं नाही.

"तुमाले आयकू नाही येऊन राह्यलं?
पयले जड वाजे. आता पोकळ वाजते.
मोटर जळन ना."

मग ती वळते, उरलेले ठोकळे
एका दमात लावते, बरोबर,
वेळ संपल्यावर चार सेकंदांनी.
नियमाप्रमाणे शून्य.
शून्य मी नीट गोल काढते.
माझं अक्षर चांगलं आहे,
चौथीच्या स्कॉलरशिपला जिल्ह्यात सातवी होते मी.
ताई नव्हती. एकाच दिव्याखाली बसायचो
आणि ती माझी पुस्तकं उलटीकडून वाचायची,
समोर बसून. कुणी विचारलं नाही
उलटं वाचता येतं का म्हणून.

दोन मुलांच्या मधल्या वेळात
मी नळावरून बादली आणली. मोटरला हात लावला,
झटकन काढून घेतला.
पाणी ओतलं, कान देऊन उभी राहिले.
जड काय, पोकळ काय,
मला फरक कळला नाही.
तिसऱ्या बादलीनंतर नुसता वास आला वाळ्याचा,
आणि पुढच्या मुलाला शिंक.

संध्याकाळी बेरजा. रेषा एकशे तीसवर.
श्रीनय एकशे चौतीस.
यामिनी एकशे अठ्ठावीस.
मी दोनदा बेरीज केली, मग तिसऱ्यांदा,
हातचा कुठे विसरला असेल या आशेनं.
बेरीज बरोबर होती. माझी नेहमीच असते.

अर्जाच्या तळाशी शेऱ्याचा रकाना,
दोन बोटं रुंद.
डोंगरे सर म्हणाले, "रिकामा सोडा मॅडम,
तो कॉम्प्युटर वाचत नाही."
मी पेन्सिलीनं लिहिलं:
पाणी संपलेलं हिला आधी कळतं.
मग वाटलं, पेन्सिल पुसता येते.
तेच पेननं गिरवलं.
गठ्ठा बांधला, सुतळीला गाठ मारली.

खाली चौकीदार कूलर बंद करत होता.
त्याला म्हटलं, सोमवारी आधी पाणी बघा.
तो म्हणाला, "कायले? सोमवारी पोट्टे नाही ना येत."